खुर्ची मागायची कशी? (इंदूर, वय २७, संधिवात)

सुदामानगरची | ३ सप्टेंबर, रात्री ११:४०

काल महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. परवा जेवणाला आमच्याकडे चाळीस पानं होती. पंगत खाली, पाटावर, नेहमीसारखी. शेवटच्या पंगतीला आम्ही वाढणाऱ्या बसलो तेव्हा मी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि ताट मांडीवर घेतलं. समोर आत्या, वय ७१, मस्त मांडी घालून बसलेली. मोठ्यानं म्हणाली, "बघा गं, म्हातारी खाली आणि तरणीताठी खुर्चीवर!" सगळे हसले. मीही हसले. आणि मग काय झालं कोण जाणे, मी खुर्ची सरकवली आणि खाली बसले. उठताना दोघींनी काखेत हात घालून उठवलं. रात्री गुडघा नारळाएवढा.

मला राग आत्याचा नाही आला, माझाच आला. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे म्हातारपणीच्या झिजेचा नव्हे, शरीरच सांध्यांवर उलटतं तो संधिवात. दोन वर्षं झाली. सुरुवात अंगठीपासून झाली. दहावीला आजीनं दिलेली, एरवी सैल व्हायची, ती एका आठवड्यात निघेना. मग पाय. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की फरशीवर कुणीतरी वाळलेले वाटाणे पसरून ठेवलेत असं वाटायचं. मग दोन्ही हातांच्या बोटांची मधली पेरं, दोन्ही मनगटं. जे डावीकडे तेच उजवीकडे.

सात महिने मी हाडांच्या डॉक्टरांकडे फिरले. युरिक ॲसिड झालं, डी व्हिटॅमिन झालं, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, "कॉम्प्युटरवर कमी बसत जा" झालं. आर.ए. फॅक्टर, म्हणजे या आजाराची नेहमीची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला म्हणून "तो नाहीच" असंही सांगून झालं. शेवटी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, नक्की नाही माहीत, पण कचरागाडी सातला येते तेव्हा मला डबे घेऊन जिना उतरायला बनत नाही, साडेआठला बनतं. ते म्हणाले, "म्हणजे दीड तास." आणि कागदावर लिहून घेतलं. मग अँटी-सीसीपी नावाची याच आजाराची दुसरी रक्ततपासणी सांगितली, ती चांगलीच पॉझिटिव्ह आली. सात महिन्यांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इंदूरच्या कचरागाडीचं गाणं ऐकून लोक वैतागतात, माझं निदान तिनं केलं.

आता मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. फॉलिक ॲसिड. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. महिन्यातले वीस दिवस मी अगदी बरी असते. ॲक्टिव्हा चालवते, विजय नगरला ऑफिसला जाते, सराफ्यात रात्री बाराला गराडू खाते. उरलेले दहा दिवस ब्लाउजचा हूक लावता येत नाही. घोटाळा असा की ते वीस दिवसच माझ्याविरुद्ध साक्ष देतात. "परवा तर चांगली फिरत होतीस!"

तर विचारायचं आहे ते हे. खुर्ची, लिफ्ट, ऑफिसला उशिरा येण्याची परवानगी, हे सगळं मागताना तुम्ही काय बोलता? नेमके शब्द सांगा. आणि कुणाला सांगायचं, कुणाला नाही? घरी स्थळं बघणं सुरू आहे, त्यामुळे हाही प्रश्न आलाच.

औषधं सुचवू नका, प्लीज. माझे डॉक्टर चांगले आहेत.

ओटा_उंच_झालाय | ४ सप्टेंबर, सकाळी ६:२५

सव्वासहाला टाइप करतेय, एका अंगठ्यानं, यावरून काय ते समज. राजेंद्र नगरची आहे, वय ३३, आजार अकरा वर्षांचा.

माझा नियम सांगते. खुर्ची मागायची नसते, ती आधी मांडलेली असायला हवी. जिथे जेवायला जायचं तिथे आदल्या दिवशी फोन: "काकू, माझं पान टेबलावर मांडाल का, मला खाली बसायचं नाहीये." कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा होते आणि चर्चेत आपण हरतो. ऐन पंगतीत, चाळीस जणांसमोर, हातात ताट घेऊन मागितलंस तर कुणीतरी बोलणारच. ती आत्या वाईट नाही, तिला आयतं मिळालं.

स्वयंपाकघराबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगतेच. सांडशी फेकून दे. गरम पातेलं चिमटीत धरून उचलायचं म्हणजे बोटांच्या सांध्यांना शिक्षा आहे. दोन कानांची पातेली घे आणि दोन्ही तळहातांनी, जाड फडकं घेऊन उचल. पिशवी बोटांत अडकवू नकोस, कोपराच्या खोबणीत घाल. बाटलीचं झाकण रबरी हातमोजा घालून फिरव. कणीक मशीन मळतं, पोळ्या नवरा लाटतो, त्या भारताच्या नकाशासारख्या होतात आणि आम्ही त्या खातो. ओटा चार इंच उंच करून घेतला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्यासाठी ग्रॅनाइट तोडायचं?" आता त्याच म्हणतात, कंबर दुखत नाही.

आणि सकाळी चहाचा स्टीलचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बस. पिऊ नकोस, नुसता धर. बोटं उघडतात.

पुणेरी_पेन्शनर | ४ सप्टेंबर, सकाळी ९:१०

लेख हृद्य आहे. मात्र "जिना उतरायला बनत नाही" हे मराठी नव्हे. "उतरता येत नाही" असे हवे.

सुदामानगरची | ४ सप्टेंबर, दुपारी १:३०

काका, होळकरांच्या मागोमाग आलो तेव्हापासून आमच्याकडे असंच बनतं. :)

ओटाताई, "कारण द्यायचं नाही" हे आज ऑफिसात भिंतीवर चिकटवावंसं वाटतंय. पण मला ते जमेल का, शंका आहे. मी गप्प राहिले की समोरच्याला वाटतं नखरे आहेत.

दांडियाबाजार | ४ सप्टेंबर, रात्री १०:१५

बडोद्याहून. वय २९, पुरुष, माझा प्रकार वेगळा: अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस, कण्याचा संधिवात. पण "वीस दिवस साक्ष देतात" वाचून ताडकन उठून बसलो. म्हणजे, तीन टप्प्यांत उठून बसलो.

मला एकविसाव्या वर्षी कंबर धरायला लागली. एकानं स्लिप डिस्क सांगितली आणि तीन आठवडे झोपून राहायला लावलं. झोपून आणखी वाढलं. आमच्या आजाराची हीच गंमत आहे, आराम केला की आखडतो, हालचाल केली की सुटतो. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग यायची, मी उठून गच्चीवर फेऱ्या मारायचो. सोसायटीच्या वॉचमनला वाटायचं प्रेमभंग आहे. पुढे एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वर, कण्याचं आणि कमरेचं हाड जिथे जुळतं त्या सांध्यांना सूज दिसली. रक्तात एचएलए-बी२७ होतं, या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण. (ते कित्येक निरोगी माणसांतही असतं, त्यामुळे नुसती ती तपासणी करून घाबरू नका.)

आता ऐका. बडोद्याचा माणूस नवरात्रात गरबा खेळणार नाही तर काय करणार? मी रात्री बारापर्यंत खेळतो आणि खरंच सांगतो, तेव्हा दुखत नाही. सकाळी मात्र मोजे घालायला वाकता येत नाही, गरम पाण्याखाली वीस मिनिटं उभा राहतो तेव्हा माणसात येतो. दोन वर्षांपूर्वी साहेबांकडे साडेदहाला येण्याची परवानगी मागितली होती, दिलीही. मग अष्टमीला कुणीतरी माझा केडियू (गरब्याचा घेरदार अंगरखा) घातलेला, हवेत उडी मारतानाचा फोटो स्टेटसला टाकला. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "कमर ठीक हो गई?" सगळ्या फ्लोअरसमोर.

तेव्हा मी काहीच बोललो नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घेतलं. त्यात दोनच वाक्यं महत्त्वाची होती: रुग्णाला सकाळी दोन तास ताठरपणा असतो, आणि दिवसभर हालचाल व व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. ते साहेबांना नवरात्राच्या *आधी* दिलं. नंतर दिलं की सारवासारव वाटते, आधी दिलं की माहिती वाटते. सुदामानगरची, हे तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर.

अवांतर पण महत्त्वाचं: एका सकाळी एक डोळा लाल झाला, उजेड सोसेना. मी डोळे आले समजून मेडिकलमधून थेंब आणून घातले आणि दोन दिवस घालवले. ती डोळ्याच्या आतली सूज होती, आमच्या आजारात येते, आणि दुर्लक्ष केलं तर नजर जाऊ शकते. सरकारी एस.एस.जी. हॉस्पिटलात असो की खासगीत, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

नाना_५२ | ५ सप्टेंबर, सकाळी ८:००

बेटा, औषध सुचवू नका म्हणालीस तरी राहवत नाही. आमवात हे नाव आपल्याकडे हजार वर्षांहून जुनं आहे, आपल्या लोकांना त्यातलं कळत होतं. आमच्या साडूंचे हात अगदी तुझ्यासारखे झाले होते. देवासच्या पलीकडे एका गावात एकजण पुडी देतात, मधातून घ्यायची. तिसऱ्या दिवशी साडू स्वतः स्कूटर चालवत आमच्याकडे आले! दीड वर्षं झालं घेतात. ॲलोपॅथीची ती कॅन्सरची गोळी खाऊन शरीर का जाळायचं?

दवाबाजारवाला | ५ सप्टेंबर, दुपारी ३:२०

नाना, रागावू नका. मी फार्मासिस्ट आहे, नाव वाचून कुठे बसतो ते कळलं असेलच. आयुर्वेदाबद्दल मी बोलत नाही, वैद्य चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहितो. मी बोलतोय ते बिननावाच्या पुडीबद्दल. "तिसऱ्या दिवशी स्कूटर" ऐकलं की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण सांध्यांच्या या आजारात तीन दिवसांत असा चमत्कार करणारी वस्तू आम्हाला माहीत आहे.

१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच यांनी एका तरुण बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. तिला कूस बदलणंही कठीण होतं. काही दिवसांतच ती चालत गावात खरेदीला गेली. जग थक्क झालं, १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. आणि मग लोकांचे चेहरे गोल व्हायला लागले, हाडं ठिसूळ व्हायला लागली, साखर वाढायला लागली, बंद केलं की दुखणं दुपटीनं परत यायला लागलं. हेच स्टिरॉइड. डॉक्टर आजही देतात, पण मोजून, थोडे दिवस, उतरवत उतरवत. पुडीत किती आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता "कॅन्सरच्या गोळी"बद्दल. मेथोट्रेक्सेट कॅन्सरसाठी वापरतात हे खरं, पण तिथला डोस आणि इथला डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक. सांध्यांसाठी अमेरिकेत १९८८ साली रीतसर मंजुरी मिळाली, तेव्हापासून या आजाराचा पहिला आधार तीच आहे. धोका तिचा वेगळाच. ती *आठवड्यातून एकदा* घ्यायची असते आणि आपल्याला गोळी म्हटलं की रोज हे अंगवळणी पडलेलं असतं. एका गिऱ्हाइकाच्या वडिलांनी दहा दिवस रोज घेतली. तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी तळाला, थेट आयसीयू. वाचले. त्यामुळे मी पाकिटावर लाल पेनानं वार लिहितो. तुम्हीही लिहा. आणि ठरलेल्या रक्ततपासण्या, म्हणजे लिव्हर आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), चुकवू नका.

वार कोणता? दुसऱ्या दिवशी मळमळत असेल तर शनिवारी रात्री घ्या, डॉक्टरांना विचारून. रविवार लोळून काढता येतो.

सुदामानगरची | ५ सप्टेंबर, रात्री ९:०५

मी दोन वर्षं रविवारी रात्री घेतेय आणि सोमवारी ऑफिसात ओकारी दाबत बसतेय. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं!

नाना_५२ | ६ सप्टेंबर, सकाळी ७:४५

साडूंचा चेहरा गोल झालाय हे खरं आहे. आम्ही म्हणायचो तब्येत सुधारली.

त्यांना आता काय सांगू?

दवाबाजारवाला | ६ सप्टेंबर, सकाळी ८:३०

नाना, पहिली गोष्ट, पुडी आज एकदम बंद करायला लावू नका. दीड वर्ष शरीराला स्टिरॉइड बाहेरून मिळत असेल तर आतून तयार होणं मंदावलेलं असतं, अचानक तोडलं तर माणूस कोसळतो. पुडीसकट त्यांना इंदूरच्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलला किंवा कुठल्याही चांगल्या फिजिशियनकडे न्या. साखर, बीपी तपासा. लाजू नका, डॉक्टरांना हे रोज दिसतं.

लष्करची_आई | ७ सप्टेंबर, रात्री ११:००

ग्वाल्हेरहून. इथे सगळे मोठे बोलताहेत, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. चौथ्या वर्षी सुरू झालं. लोक विचारतात, लहान मुलांना संधिवात? हो, सोळाच्या आत सुरू होणाऱ्याला वेगळं नावच आहे, जेआयए म्हणतात. ती दुखतंय असं कधी म्हणाली नाही. फक्त सकाळी कडेवर घ्या म्हणायची आणि आम्ही म्हणायचो, एवढी घोडी झालीस, चाल. ते आठवलं की अजून झोप जाते.

तिचे डोळे आम्ही दर तीन महिन्यांनी तपासतो. लाल होत नाहीत, दुखत नाहीत, तरी आत सूज असू शकते, मशीनवरच दिसते. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी बजावलं म्हणून बरं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी डोळ्यांची तारीख औषधाइतकीच पाळा.

जानेवारीत इथली थंडी म्हणजे आमचा परीक्षेचा महिना. गणवेश रात्री रजईत घेऊन झोपते, सकाळी गरम कपडे अंगात जातात. शाळेत पी.टी.च्या सरांनी एकदा आळशी म्हणून मैदानात उभं केलं होतं. मी जाऊन बोलणार होते, तोवर तिनंच निकाल लावला. वर्गातल्या एकानं विचारलं, तू प्रार्थनेला खुर्चीवर का बसतेस? तिनं मोजा खाली केला आणि म्हणाली, "गुडघ्याला सूज आहे. हात लावून बघायचा? गरम लागतो." त्यानं हात लावला, मग रांगेनं सगळ्यांनी लावला. त्यानंतर खुर्ची तीच पोरं आणून ठेवतात.

ओटा_उंच_झालाय | ८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

लष्करच्या आई, तुमच्या लेकीला माझ्यातर्फे एक पेढा. मी अकरा वर्षांत ही युक्ती शोधू शकले नाही.

भंवरकुआं_३०३ | १० सप्टेंबर, रात्री १:१५

इथे सगळे ताई-दादा आहेत, मी २३. पीएससीची तयारी करतोय. मला सोरायसिसचा संधिवात आहे, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आणि उजव्या हाताचं मधलं बोट गाजरासारखं. मुख्य परीक्षेत तीन-तीन तासांचे पेपर हातानं लिहायचे. चाळिसाव्या मिनिटाला अक्षर कोलमडतं. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायला गेलो तर ४० टक्के भरत नाही म्हणाले. म्हणजे अपंग नाही आणि धडधाकटही नाही. कुणाला माहिती आहे?

दांडियाबाजार | १० सप्टेंबर, सकाळी ८:००

मित्रा, हे नीट वाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संधिवाताचं वेगळं नाव नाही. सांध्यांची हालचाल किती गेली त्यावर टक्के ठरतात, म्हणून तू अडकलास. पण लेखनिकाचा, म्हणजे आपण सांगू ते पेपरात लिहिणाऱ्याचा, प्रश्न आता नुसता ४० टक्क्यांवर अडत नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवारानं यूपीएससीविरुद्ध दाद मागितली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ४० टक्के भरत नाहीत एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ४० टक्क्यांच्या आतल्या, पण लिहिण्याची अडचण असलेल्या लोकांसाठी नियमावली काढली. तिच्यात सरकारी डॉक्टरांच्या समितीचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र मागितलं होतं. लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा दिली होती. आत्ताचा नियम काय आहे ते एकदा तपास. राज्याच्या परीक्षेत ते कसं लावतात ते जाहिरातीत बघ, आणि आयोगाचं ऑफिस तुझ्या इंदुरातच आहे, लेखी अर्ज देऊन पोचपावती घे. अर्ज भरतानाच माग, हॉल तिकीट आल्यावर नको.

माझ्या बहिणीनं बँकेच्या परीक्षेला हेच केलं होतं, म्हणून पाठ आहे.

भंवरकुआं_३०३ | १० सप्टेंबर, सकाळी ८:२०

भिया, जान वाचवली. आजच जातो.

शेजारचा_खांब | १४ सप्टेंबर, रात्री १०:३०

स्थळांच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून मी, मला आजार नाही, माझ्या बायकोला आहे. लग्नाला सहा वर्षं.

तिनं दुसऱ्या भेटीत सांगितलं, छप्पन दुकानवर, हातात शिकंजी. "मला संधिवात आहे." मी शहाणपणानं म्हणालो, "अरे, आमच्या आजीलाही आहे." ती म्हणाली, "आजीचा झिजेचा. माझ्यात माझंच शरीर माझ्या सांध्यांवर हल्ला करतं. गोळ्या बहुतेक जन्मभर लागतील, मुलाच्या आधी महिनोन्‌महिने तयारी लागेल, आणि काही दिवस तू माझी वेणी घालशील." मला निम्मं कळलंच नाही. वेणी तेवढी कळली.

घरी मी सांगितलं नाही, तिनंच सांगितलं. आई आठ दिवस बोलली नाही. पुढे मंगळागौरीला बायकांनी फुगडीला ओढायला सुरुवात केली तेव्हा आईच मध्ये पडली, "तिची मनगटं नाजूक आहेत, तिला सोडा." अजून "संधिवात" हा शब्द आई उच्चारत नाही. "मनगटं" म्हणते. चालतंय.

माझं मत: पहिल्या भेटीत गरज नाही, पण साखरपुड्याच्या आधी नक्की, आणि मुलाला थेट. मध्यस्थामार्फत गेलं की "मुलीला काहीतरी आहे" एवढंच पोहोचतं.

ओटा_उंच_झालाय | १५ सप्टेंबर, सकाळी ७:००

मुलाच्या तयारीवर दोन ओळी, कारण हे कुणी उघड बोलत नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही, बाळाला धोका असतो. मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन महिने आधी सोडली, चालणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांवर गेले. पोटुशी असताना इतकी बरी होते की वाटलं आजार गेला. पुष्कळ जणींना असं होतं. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं तो व्याजासकट परत आला. बाळाला बोटांनी उचलता येईना, दोन्ही हात कोपरापासून ताटासारखे करून उचलायचे. लंगोटाच्या नाड्या सासऱ्यांनी बांधल्या, ज्यांनी स्वतःच्या मुलांना कधी हात लावला नव्हता. ते दोन-तीन महिने मदत आधीच ठरवून ठेव. आणि "मुलांना होईल का?" हा प्रश्न येणारच. शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेकांना होत नाही.

सुदामानगरची | २४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

सगळ्यांना उशिरानं दिवाळीच्या शुभेच्छा. काय काय झालं ते सांगते.

गोळी शनिवारी नेली. सोमवार परत मिळाला.

ऑफिसला पत्र दिलं, दांडियाबाजार यांच्या पद्धतीनं, बरी असताना. आता साडेदहाची वेळ आहे. एच.आर.नं विचारलं, "पण तू दिसत तर नाहीस आजारी?" मी म्हटलं, "थँक यू." याहून काही सुचलं नाही.

एका स्थळाला थेट सांगितलं. मुलगा नीट ऐकत होता. त्याच्या आईचा निरोप आला, "आधी पूर्ण बरी होऊ दे." बाबांनी पत्रिका परत मागवली, मला न विचारता. एक दिवस वाईट वाटलं. दुसरं एक चालू आहे, त्याबद्दल आत्ता नाही.

आता आत्या. दिवाळीच्या आधी ती आमच्याकडे चकल्या करायला आली. मी ओट्यापाशी उंच स्टूल घेऊन बसलेले, गुडघा नेमका त्याच दिवशी सुजलेला. ती म्हणाली, "आलं का आमच्या राणीसरकारांचं सिंहासन!" मी सलवार वर केली आणि म्हटलं, "आत्या, हात लाव." ग्वाल्हेरच्या नऊ वर्षांच्या बाईंना स्मरून. तिनं लावला. बराच वेळ ठेवला. म्हणाली, "अगं, तापलाय की हा." मग दुसऱ्या गुडघ्याला लावून बघितला, मग स्वतःच्या. मग गप्प झाली, आणि दहाव्या मिनिटाला निर्गुडीचा पाला, एरंडेल आणि कोबीची पानं यांवर जे सुरू झाली ते चकल्यांचा घाणा संपेपर्यंत.

काल भाऊबीज. बाबांबरोबर आत्याकडे गेलो. आदल्या दिवशी फोन करायचा ठरवलं होतं, ओटाताई, नाही जमला. गेले तर पाच पाट मांडलेले आणि सहावं पान टीपॉयवर, समोर लाकडी स्टूल. टीपॉय माझ्या गुडघ्याच्या खाली आणि स्टूल बारमधल्यासारखं उंच. बासुंदीच्या प्रत्येक घासाला मला निम्मं वाकावं लागत होतं, पाठीचा पार भुगा. मी एक शब्द बोलले नाही. दोनदा बासुंदी घेतली.

दांडियाबाजार | २४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

पाठ आमच्या खात्यात येते, तिकडे ढवळाढवळ नको.

नाना_५२ | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

साडूंची साखर २८० निघाली. उपचार सुरू आहेत, पुडी डॉक्टरांच्या ताब्यात. माझ्याशी बोलत नाहीत सध्या. चेहरा उतरतोय.

ओटा_उंच_झालाय | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

नाना, बोलतील.

सुदामानगरची, चकल्या कशानं पाडल्यास? पितळी सोऱ्या फिरवताना माझं मनगट जातं. बंदुकीसारखा खटका दाबायचा असतो तो घेतला तर बोटं जातात.

सुदामानगरची | २५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

दोन्ही वापरून बघितले, दोन्हींनी मारलं. शेवटी बर्तन बाजारातून जुन्या पद्धतीचा लाकडी दाब्या आणला, वरून दोन्ही तळहातांनी अंगाचा भार टाकून दाबायचा. बोटांना काम नाही. पीठ थोडं सैल भिजवावं लागतं. दाबायचं काम बाबांचं, गोल फिरवायचं आत्याचं, तळायचं आईचं. मी स्टुलावर बसून काटे मोडलेल्या वेगळ्या काढल्या आणि खाल्ल्या. छान बनल्या.

पुणेरी_पेन्शनर | २५ ऑक्टोबर, दुपारी २:००

"छान झाल्या."

सुदामानगरची | २५ ऑक्टोबर, दुपारी २:०५

संपल्या, काका.